टर्की गप्प का होतो, कधी बोलतो: वसंतातल्या शिकारीचे टप्पे, क्रमाने

दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात मला दोनच प्रकारचे फोन येतात. "पहाटे साडेचारपासून बसलोय, एकही गॉबल नाही. या जंगलात टर्की उरलेत की नाही?" आणि दुसरा, "झाडावर होता तोवर घसा फोडून ओरडत होता, जमिनीवर उतरला आणि चिडीचूप. माझं काय चुकलं?" गॉबल म्हणजे नर टर्कीची हाक. फोन करणारी आपलीच मंडळी असतात, न्यू जर्सीतली, पेनसिल्व्हेनियातली. दोन-तीन वर्षांपूर्वी शिकारीला लागलेली, कॉल, म्हणजे मादीच्या आवाजाची नक्कल करायचं साधन, वाजवायला छान शिकलेली. ऐकायला आणि थांबायला मात्र कोणी शिकवलेलं नसतं, त्यामुळे कामाचा क्रमच उलटा होतो.

मी पेनसिल्व्हेनियात ईस्टर्न जातीच्या रानटर्कीमागे फिरतो, म्हणून इथल्या वेळा आणि तारखा तिकडच्या आहेत. टेक्सासचा रिओ ग्रांडे किंवा पश्चिमेच्या डोंगरातला मेरियम्स या दुसऱ्या जातींचं रान वेगळं, चालचलणूक थोडी वेगळी, पण आवाजामागची कारणं तीच. भारतात रानपक्ष्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, तेव्हा यातलं काहीही तिकडे तित्तर-रानकोंबड्यावर करून बघायचं नाही. बंदुकीऐवजी कॅमेरा किंवा नुसते कान घेऊन जाणाऱ्यांना पहिले चार टप्पे जसेच्या तसे उपयोगी पडतील.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

टर्कीत रीत अशी आहे की नर ओरडतो, पिसारा फुलवून उभा राहतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण मादीचा आवाज काढून नराला बोलावतो, म्हणजे त्याच्या रीतीच्या उलट मागतो. तुमच्या कॉलला त्याने गॉबल केला याचा अर्थ "येतो" असा नाही. "मी इथे आहे, तू ये" असा आहे. एवढं कळलं की तो शंभर यार्डांवर येऊन का थांबतो, उत्तर देऊनही का हलत नाही, मग अचानक गप्प का होतो, यातलं निम्मं आपोआप उलगडतं.

तयारी: घरून निघायच्या आत

१. कागद. पहिल्यांदाच शिकार करणार असाल तर हंटर-ट्रॅपर एज्युकेशन हा अभ्यासक्रम, मग परवाना, मग बंदूक. हा क्रम मोडू नका. एच-वन-बीसारख्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला एरवी बंदी आहे, आणि वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या अपवादांपैकी एक आहे. परवाना हातात नसताना मित्राची बंदूक "जरा धर" म्हणून धरणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. शंका असेल तर वकिलाला विचारा, मित्राला नको.

२. नियम. पेनसिल्व्हेनियात वसंतात फक्त दाढी (छातीवर लोंबणारा केसांसारखा झुबका) असलेला पक्षी मारता येतो, आणि तोही कॉल करून बोलावूनच. आवाजाच्या दिशेने दबकत जाऊन मारणं बेकायदा आहे. मोबाइल-स्पीकरवर वाजवलेला आवाज चालत नाही. वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून. हंगामाच्या पहिल्या भागात दुपारी १२ ला थांबायचं, शेवटच्या भागात दिवसभर परवानगी असते. त्या वर्षीची पुस्तिका वाचल्याशिवाय निघू नका.

३. कॉल. सुरुवातीला दोन पुरेत. एक लाकडी बॉक्स कॉल आणि एक स्लेट. स्लेट म्हणजे आपली शाळेतली पाटी-पेन्सिलच समजा, तळहाताएवढी गोल पाटी आणि घासायची कांडी. पाटी गुळगुळीत झाली की आवाज घसरतो, म्हणून ती भांडी घासायच्या हिरव्या घासणीने एकाच दिशेला घासून खरखरीत करायची आणि पुन्हा बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की त्या जागी कांडी मुकी होते. बॉक्स कॉलला तेल-मेण नसलेला, त्याच कामाचा खडू लावा. तोंडात धरायचा डायफ्रॅम पुढच्या वर्षी शिका. त्यात दोन्ही हात मोकळे राहतात हा मोठा फायदा आहे, पण कच्चा वाजवला तर नुकसानच होतं.

४. कपडे. डोक्यापासून बुटापर्यंत कॅमोफ्लाज, हातमोजे आणि चेहऱ्यावर जाळी. टर्कीला रंग दिसतात आणि डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने जवळजवळ सगळीकडचं दिसतं. मे महिन्यात गोचिडी खूप असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो, त्यामुळे कपड्यांवर आदल्या दिवशी पर्मेथ्रिन मारून वाळवा आणि घरी आल्यावर अंग नीट तपासा.

५. खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. तिचं काम पुढे कळेल.

⚠ इशारा: लाल, पांढरा, निळा यातलं काहीही अंगावर नको. टोपीचं आतलं अस्तर नको, रुमाल नको, मोजेसुद्धा नकोत. रंगात आलेल्या नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं, आणि झुडपाआडून दुसऱ्या शिकाऱ्याला तुमचा रुमाल तेवढाच दिसतो. चालताना डोक्यावर भडक नारिंगी टोपी ठेवा, बसलात की काढा.

टप्पा १: मादी कुठल्या अवस्थेत आहे ते ओळखा

नराचा आवाज ठरवते मादी. नवखे लोक हवामान बघतात, चंद्र बघतात, पण हे बघत नाहीत.

दिवस लांबत जातो तसे मार्चअखेरीपासून नर पेटतात. हिवाळ्यातले मोठे थवे फुटतात, नर जागा ठरवतात आणि गॉबलिंगचा पहिला भर येतो. या काळात माद्या अजून तयार नसतात, म्हणून नर दिवसभर ओरडतो. मग माद्या जोडीला येतात आणि जंगल शांत होतं. ज्याच्याभोवती चार माद्या चरताहेत त्याला ओरडायची गरज नसते. झाडावर एक-दोन गॉबल करतो, उतरतो आणि माद्यांमागे मुकाट चालतो. याला इकडे "हेन्ड अप" म्हणतात. फोनवरच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

मादी साधारण रोज एक अशी १० ते १२ अंडी घालते. अंडी घालायच्या दिवसांत ती घरट्यावर थोडाच वेळ जाते, बाकीचा वेळ नरासोबत असते. अंडी पुरी झाली की मात्र सुमारे २८ दिवस जवळजवळ पूर्ण वेळ उबवत बसते, खायला-प्यायला तेवढी उठते. एकेक मादी अशी बसत गेली की नर एकटा पडू लागतो आणि आवाजाचा दुसरा भर येतो. पेनसिल्व्हेनियात मेच्या पहिल्या पंधरवड्यात बऱ्याच माद्या अंड्यांवर असतात. हंगामाच्या पहिल्या शनिवारी हात हलवत परत आलेल्यांनी हंगाम सोडून देऊ नये, याचं कारण हे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला एकटा नर माझ्या मते पहिल्या दिवसाच्या दहा नरांपेक्षा चांगला.

✔ तपासा: सकाळी नराबरोबर किती माद्या दिसतात? तीन-चार असतील तर तो कमी बोलेल, टप्पा ६ आणि ७ ची तयारी ठेवा. एकही नसेल तर टप्पा ५ वरच काम होईल.

टप्पा २: जागा शोधा, पण तोंड बंद ठेवून

हंगामाच्या दोन-तीन आठवडे आधी जा. जमिनीवर पालापाचोळा उकरल्याच्या खुणा बघा, टर्की पाय मागे ओढतो म्हणून उकीर इंग्रजी व्हीसारखा दिसतो. नराची विष्ठा इंग्रजी J अक्षरासारखी वळलेली असते, मादीची गोल, गुंडाळल्यासारखी. छातीच्या पिसाचं टोक काळं असेल तर नर, तांबूस-पिवळसर असेल तर मादी. धुळीत अंग घासायच्या खळग्या, शेताच्या कडेला पंखांची टोकं घासत गेल्याच्या रेघा, हे सगळं वहीत जागेसकट लिहा.

मग रातथारा शोधा, म्हणजे रात्री बसायचं झाड. टर्की दिवसभर जमिनीवर असतो पण झोपतो झाडावर. पांढरा पाइन, ओक, ओढ्याकाठचा सायकमोर अशी आडव्या जाड फांद्यांची झाडं त्याला आवडतात. आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताच्या सुमारास दूर उभं राहून ऐका. चढताना पंखांची जोरदार फडफड येते, साडी झटकल्यासारखी, आणि ती एकदा ओळखली की विसरत नाही. अंधार पडता पडता बार्ड घुबडाचा हुंकार तोंडाने काढला तर कधी कधी झाडावरून गॉबल येतो. आला तर दिशा लिहा आणि लगेच परत फिरा.

⚠ इशारा: हंगामाआधी मादीचा कॉल वाजवून "आहे का बघूया" हा मोह टाळा. नर येतो, मादी दिसत नाही, माणूस दिसतो. तो त्या आवाजापासून दूर राहायला शिकतो आणि हंगामात मुका होतो. आधी टेहळणी करताना फक्त घुबड आणि कावळा.

टप्पा ३: पहाटे फक्त ऐका

मेच्या सुरुवातीला मध्य पेनसिल्व्हेनियात सूर्योदय सव्वासहाच्या जरा आधी होतो. पहिला गॉबल त्याच्या ४० ते ४५ मिनिटं आधी येऊ शकतो, आणि दिवसातलं बहुतेक ओरडणं सूर्योदयाच्या आगेमागे तासाभरात उरकतं. म्हणजे पाचला तुम्ही नुसते गाडीतून उतरलेले नाही, तर टेकडीच्या धारेवर उभे असायला हवे. गाडी लांब लावा आणि दार हाताने दाबून लावा. आपटलेल्या दारालाही टर्की गॉबल करतो.

हा "शॉक गॉबल". रंगात आलेला नर कुठल्याही दचकवणाऱ्या आवाजाला उत्तर देतो. घुबड, कावळा, सुतारपक्षी, रेल्वेची शिट्टी, कोल्ह्यासारखी कायोटीची कुई, ढगांचा गडगडाट, सगळ्यांना. गावाकडे आभाळ गडगडलं की मोर केका देतो, तसंच हे. त्यात विचार नसतो, म्हणून तो ठिकाण सांगतो पण तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून नराला शोधायला घुबड किंवा कावळ्याचा आवाज वापरा, मादीचा नाही. मादीच्या आवाजावर तो चालू लागला आणि तुम्ही उघड्यावर उभे असाल, तर खेळ तिथेच संपला.

आणि घुबडाची घाईही नको. पहिली दहा मिनिटं काहीच करू नका. तो आपणहून बोलला तर सगळ्यात चांगलं, कारण शेजारच्या टेकडीवरच्या शिकाऱ्याला त्याची जागा तुम्ही सांगितलेली नसते.

आता हवेबद्दल. थंड, स्वच्छ, निवांत पहाट सगळ्यात चांगली. वारा हा मोठा शत्रू. तो टर्कीचं ओरडणं कमी करतो आणि जे ओरडणं होतं तेही आपल्यापर्यंत येऊ देत नाही. वारा असेल तर धारेवर न थांबता आडोशाच्या दरीत उतरून ऐका. पावसात पक्षी उशिरा उतरतात आणि उतरल्यावर मोकळ्या शेतात येतात, कारण टपटपणाऱ्या पानांत त्यांना शिकारी जनावराची चाहूल लागत नाही. अशा दिवशी कानापेक्षा दुर्बिणीवर भरवसा ठेवा. पाऊस थांबून ऊन पडलं की तासभर छान आवाज येतो. धुक्यात किंवा दाट ढगाळ सकाळी सगळंच उशिरा चालतं, तेव्हा घड्याळ बघून निराश होऊ नका.

पानांचं गणितही लक्षात घ्या. एप्रिलच्या उघड्या झाडीत मैलभरावरचा गॉबल ऐकू येऊ शकतो. मेच्या मध्याला पालवी भरली की तोच आवाज पानांत मुरतो. जो लांबचा वाटतो तो जवळ असतो. दरवर्षी कितीतरी जण "अजून लांब आहे" म्हणत चालत जातात आणि थेट झाडाखाली पोचतात.

✔ तपासा: काहीच ऐकू आलं नाही? खालची यादी मनात चालवा.
– वारा आहे का? जागा बदला.
– माद्या सोबत आहेत का? नऊनंतर पुन्हा ऐका.
– या आठवड्यात इथे माणसांची गर्दी होती का? सरकारी गेम लँडवर (शिकारीसाठी सगळ्यांना खुल्या जमिनीवर) पहिल्या शनिवारनंतर हेच पहिलं कारण धरा. दक्षिणेकडच्या राज्यांत रानात ध्वनिमुद्रक लावून केलेल्या अभ्यासांतही हेच दिसलं आहे की शिकार सुरू झाली की गॉबलिंग घटतं. पक्षी तिथेच असतात, बोलायचे कमी होतात.
– कायोटी किंवा बॉबकॅटची (तिकडच्या रानमांजराची) ताजी खूण? ओरडणारा नर त्यांनाही पत्ता देतो.
– थोराड नर जवळ आहे का? दबलेला दुय्यम नर मार खाण्यापेक्षा गप्प राहणं पसंत करतो.

टप्पा ४: जवळ जा आणि बसा

आवाज नक्की झाला की लगेच निघा, पण सरळ रेषेत नको. उघड्या झाडीत २०० यार्ड, पालवी आलेली असेल तर १०० ते १५० यार्ड राखून थांबा. त्याहून जवळ गेलात आणि झाडावरून त्याने पाहिलं, तर तो पलीकडच्या बाजूला उतरतो आणि त्या सकाळी पुन्हा तोंड उघडत नाही.

जागा निवडताना चार गोष्टी बघा. पहिली, तुम्ही त्याच्या बरोबरीच्या किंवा जरा वरच्या उंचीवर असा. टर्की खाली उतरून येण्यापेक्षा चढून यायला राजी असतो. दुसरी, मध्ये ओढा, तारेचं कुंपण किंवा दाट काटेरी झुडूप नको. उडता येत असूनही अशा ठिकाणी तो अडतो. तिसरी, मागे तुमच्या खांद्यांपेक्षा रुंद बुंधा हवा. त्याने बाह्याकृती मोडते आणि मागून येणाऱ्या गोळीपासून पाठ वाचते. चौथी गोष्ट फार कमी जण पाळतात. "मादी जिथे असायला हवी" ती जागा नराला जेव्हा पहिल्यांदा दिसेल, तेव्हाच तो बंदुकीच्या टप्प्यात आलेला असावा. म्हणजे उतरणीच्या कडेमागे किंवा वाटेच्या वळणावर बसा. सपाट, मोकळ्या रानात ऐंशी यार्डांवरून तो बघतो, मादी दिसत नाही, आणि तिथूनच परत फिरतो.

उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने डावा खांदा आवाजाकडे करावा. गुडघे वर, बंदूक गुडघ्यावर. समोर ४० यार्डांवरचं एखादं झाड ठरवून ठेवा, त्यापलीकडे नेम धरायचा नाही.

⚠ इशारा: दुसरा माणूस दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज काढू नका. मोठ्याने, स्पष्ट, माणसाच्या आवाजात बोला.

टप्पा ५: थोडं बोला

झाडावर असताना मादीची झोपाळू, हळू हाक असते, "याउक, याउक, याउक" अशी तीन-चार सुरांची. स्लेटवर ती नखाने कागद खरडावा इतक्या हलक्या हाताने काढा. त्याने उत्तर दिलं तर कॉल खाली ठेवा. खरंच ठेवा, मांडीवरून जमिनीवर. इथेच सगळे चुकतात. उत्तर आलं की हात शिवशिवतात, पुन्हा वाजवतो, तो पुन्हा ओरडतो, आणि हा गोड संवाद चालू राहतो तोवर तो फांदीवरच बसतो. त्याला वाटतं, बाई येतेच आहे, आपण वाट बघू. शिवाय प्रत्येक गॉबल खऱ्या माद्यांना आणि इतर शिकाऱ्यांना तिकडे बोलावतो.

जमीन नीट दिसेल एवढं उजाडलं की पक्षी उतरतात. तेव्हा टोपीने मांडीवर फडफड केली आणि एक साधी पाच-सात सुरांची यॅल्प, म्हणजे मादीची नेहमीची हाक, दिली की पुरे. मग त्याच्या उत्तराचा वेग बघा. तुमचा सूर तोडून मध्येच गॉबल करत असेल तर तो तापलाय. गप्प बसा, येऊ द्या. पाच-सात सेकंद थांबून देत असेल तर दहा-पंधरा मिनिटांनी एकदा, हळू. फक्त कावळ्याला उत्तर देतोय, तुम्हाला नाही, तर त्याच्यासोबत माद्या आहेत.

"टक्" असा एकेरी क्लक आणि घशातली "घुर्रर" अशी गुरगुर, हे समाधानी मादीचे आवाज. पाला दोन बोटांनी उकरा: खरड-खरड, थांबा, खरड. चरणाऱ्या मादीचा याहून खरा आवाज कुठलाही कॉल देत नाही. "पट्!" असा तुटक, कडक सूर मात्र धोक्याची सूचना असते. नवख्याचा क्लक जोरात गेला की तो "पट्" होतो. घरी सराव करताना हे दोन आवाज वेगळे काढता येईपर्यंत जंगलात क्लक वापरू नका.

टप्पा ६: तो गप्प झाला. आता खरी परीक्षा

गॉबल थांबला म्हणजे तीनपैकी एक झालं आहे. तो माद्यांबरोबर निघून गेला, कशाने तरी बिचकला, किंवा तुमच्याकडे येतोय. तिसरी शक्यता लोक धरतच नाहीत, आणि मोठे, मार खाल्लेले नर नेमके असेच येतात, मुकाट्याने.

माझ्या तिसऱ्या हंगामात साडेसहाला एक नर गप्प झाला. मी वीस मिनिटं बसलो आणि गेला म्हणून उठलो. माझ्या उजव्या खांद्यामागे, पंचवीस यार्डांवर, एका पडलेल्या ओंडक्याआडून मान वर आली, "पट्! पट्!" झालं आणि पंखांचा दणका. तो तिथे किती वेळ उभा होता कोणास ठाऊक. त्या दिवसापासून मी शेवटच्या गॉबलनंतर ४५ मिनिटं घड्याळ लावून बसतो, आणि उठायच्या आधी फक्त डोळे फिरवून पूर्ण गोल बघतो.

या ४५ मिनिटांत काय ऐकायचं? एक म्हणजे ड्रमिंग. पिसारा फुलवलेला नर आधी "प्फ्ट" करतो आणि मग "व्हूऽऽम" असा खोल घुमारा. लांबच्या रस्त्यावर ट्रकने गिअर बदलावा तसा. तो कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो आणि फार दूर जात नाही, म्हणून ऐकू आला की समजा नर साठ यार्डांच्या आत आहे. आता पापणीसुद्धा सांभाळून. दुसरं म्हणजे पावलं. कोरड्या पाल्यात टर्की दोन पायांवर चालतो, त्यामुळे आवाज अगदी माणसासारखा येतो. खारीचा आवाज उड्यांचा, हरणाचा चार पायांचा.

⚠ इशारा: पावलं माणसासारखी वाटतात कारण ती माणसाचीही असू शकतात. आवाजावर, हालचालीवर किंवा लाल ठिपक्यावर नेम धरायचा नाही. पूर्ण पक्षी आणि छातीवरची दाढी दिसल्याशिवाय सेफ्टी काढू नका. काही माद्यांनाही दाढी असते. नियमात बसत असली तरी ती मादी सोडून द्यावी असं मला मनापासून वाटतं, तिच्या पोटात पुढचे हंगाम असतात.

तो दिसत नाही पण अधूनमधून एकाच जागेवरून गॉबल करतोय, म्हणजे अडलाय. अशा वेळी आवाज वाढवणं हा सगळ्यात वाईट उपाय. क्रमाने असं करा:

– आधी अर्धा तास पूर्ण शांतता. मादी रुसून गेली असं त्याला वाटलं की तो बघायला येतो.
– मग फक्त पाला उकरणं.
– दोघं असाल तर कॉल करणाऱ्याने रांगत ३०-४० यार्ड मागे जाऊन पाठ फिरवून हळू बोलावं. नराला मादी दूर जातेय असं ऐकू येतं, तो चालू लागतो आणि पुढे बसलेल्याच्या टप्प्यात येतो.
– त्याच्यासोबतची मोठी मादी चिडून ओरडत असेल तर तिचा सूर तसाच्या तसा तिला परत द्या. ती भांडायला येते, तिच्यामागे नर येतो.

टप्पा ७: नऊ ते बारा, जेव्हा बाकीचे नाश्त्याला जातात

अंडी घालणाऱ्या माद्या सकाळचं चरणं झालं की एकेक करून घरट्याकडे निसटतात. नर वळून बघतो तर आसपास कोणी नाही. नऊ-साडेनऊनंतर तो पुन्हा ओरडतो, एखाद-दोनदाच, पण त्या गॉबलला अर्थ असतो. पहाटेचा फांदीवरचा गॉबल निम्मा सवयीचा. दहाचा गॉबल गरजेचा. याला दिलेलं साधं उत्तर तो बऱ्याचदा पळत गाठतो.

तेव्हा सकाळी फसलेल्या नराची शेवटची जागा वहीत बघा, मोठा वळसा घेऊन तिकडे जा, आणि दर शंभर-दीडशे यार्डांवर थांबून कावळ्याचा आवाज द्या. मादीचा कॉल द्यायचा असेल तर आधी बसायचं झाड ठरवा, मग द्या. उत्तर साठ यार्डांवरून आलं तर झाड शोधायला वेळ नसतो. काहीच आलं नाही तर शेताच्या कोपऱ्यात, धुळीच्या खळगीजवळ बसून दर वीस मिनिटांनी पाच सूर द्या. कंटाळवाणं काम आहे. माझे निम्म्याहून जास्त नर याच कंटाळ्यात मिळाले आहेत.

✔ तपासा, निघण्याआधी: १२ ची मर्यादा असेल तर १२ ला बंदूक रिकामी आणि एकच्या आत जंगलाबाहेर. पक्षी मिळाला असेल तर हलवण्याआधी तिथेच टॅग लावा आणि भडक नारिंगी कापडात गुंडाळून न्या, उघडं लाल डोकं खांद्यावरून लोंबकळू देऊ नका.

गाडीत बसल्यावर पहिलं काम वहीचं. माझ्या वहीतली एक नोंद नमुन्याला देतो: "७ मे. ढगाळ, वारा नाही. ५:२५ पहिला गॉबल, पाइनमधून. ५:५८ खाली, दोन माद्या सोबत. ६:०५ पासून शांत. ९:४० ला ओढ्यापलीकडे एकदाच, एकटा." दुसऱ्या दिवशी मी पाइनकडे फिरकलोच नाही. नऊला ओढा ओलांडून पलीकडच्या ओकला पाठ लावून बसलो, पाला उकरला, आणि कॉल मांडीवरून काढून जमिनीवर ठेवला.